सीटखालचा स्विच

"मारा चावी," मी लोडरच्या पोटात डोकं घालून ओरडलो.

श्रावणभाऊंनी चावी मारली. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि सुरू झालं. माझ्या हातातला टेस्ट लॅम्प लख्ख पेटला. अर्थिंगची वायर नवी, फ्यूज नवा, कुठे ढिलं नाही, कुठे गंज नाही. मी बाहेर आलो, हात पुसले आणि मोठा पराक्रम केल्यासारखा बाजूला उभा राहिलो. लोडर अंगणातून फाटकाकडे निघाला. फाटकापाशी जमिनीतून एक दगड वर आला होता. त्याच्यावर चाक चढलं, उतरलं आणि इंजिन बंद पडलं.

"गेलं," श्रावणभाऊ म्हणाले.

माझ्याजवळच्या सगळ्या शिव्या त्या आठवड्यात वापरून झाल्या होत्या.

श्रावणभाऊंनी दोन्ही हातांतले दांडे सोडले आणि हात उजव्या मांडीवर ठेवले. डावी नव्हती. कमरेच्या थोडं खालीच कापलेली. पायजम्याची ती बाजू सिंधूवहिनींनी दुमडून शिवून टाकली होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हिंगणघाट रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं, अजूनही आहे. ट्रॅक्टर, ट्रक, क्रेन, जे बंद पडेल ते माझ्याकडे यायचं. श्रावण तडस माझ्याहून वयाने मोठे. पाय जायच्या आधी ते गिट्टी खदानीवर असाच छोटा लोडर चालवायचे, आणि त्यांच्यासारखा ऑपरेटर आमच्या भागात दुसरा नव्हता. हा माणूस लोडरच्या बकेटने अंडं उचलून ठेवील, असं लोक म्हणायचे. एकदा पैज लावून त्यांनी ते खरंच केलं होतं. अंडं फुटलं नाही, पैज हरणारा मात्र तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नव्हता.

या छोट्या लोडरची रचना जरा विचित्र असते. बकेट उचलणारे लोखंडी हात ऑपरेटरच्या दोन्ही बाजूंनी वरखाली होतात, आणि त्याला चढायची-उतरायची वाट समोरून, बकेटच्या खालून. म्हणून कंपनी सीटखाली एक स्विच देते. माणूस बसलेला असला तरच इंजिन चालतं. माणूस उठला की स्विच सुटतो, डिझेल तुटतं आणि मशीन जागच्या जागी मरतं. खदानीवर हा स्विच कोणी ठेवत नाही. तिथे घडीघडी खाली उतरून अडकलेला दगड काढावा लागतो. दर वेळी इंजिन बंद-चालू करत बसलं तर काम उरकत नाही. मग पहिल्याच दिवशी त्या दोन वायरी सोलून एकमेकींना पिळून टाकतात. त्याला आम्ही डायरेक्ट करणं म्हणतो. मग सीट रिकामी असली तरी मशीनला वाटतं, माणूस बसलाय.

श्रावणभाऊंनीही आपल्या हाताखालचं मशीन स्वतः सांगून डायरेक्ट करून घेतलं होतं. एका दुपारी चालू मशीनवरून ते दगड काढायला उतरले. उतरताना शर्टाची बाही दांड्याला अडकली आणि वरची बकेट भरल्या वजनासकट खाली आली.

पाय गेल्यावर जो तो त्यांना पानठेला टाकायचा सल्ला द्यायला लागला. आमच्याकडे पाय गेलेल्या माणसाने पानठेलाच टाकावा असा जणू कायदा आहे. भाऊंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि नागपूरला जाऊन हा जुना डिझेल लोडर घेऊन आले. दहा मशीनी सोडून हाच घेतला, कारण याला पायाचं कामच नव्हतं. पुढे-मागे, वर-खाली, सगळं दोन दांड्यांवर. विकणाऱ्याच्या अंगणात त्यांनी तो स्वतः चालवून पाहिला होता, आणि तिथे तो एकदाही बंद पडला नव्हता.

मशीन घरी आलं त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "वसंता, पयले सीट ओरिजिनल कर."

"काहून भाऊ? चालून रायलं ना मस्त. उगाच हात कायले लावता?"

"डायरेक्ट हाय थे. मी वाकून पाह्यलं. डायरेक्ट मशीनवर मी बसत नसतो."

मी जुनी पिळलेली वायर तोडली, सीटखाली नवाकोरा स्विच बसवला आणि दाबून दाबून तपासला. टकटक वाजला. काम चोख झालं होतं.

तेव्हापासून मशीन बंद पडायला लागलं.

विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावं म्हणून मशीनला अंगभर पिवळा रंग फासला होता, अर्थिंगच्या बोल्टांखालीसुद्धा. रंगातून करंट जात नाही, हे त्या कलाकाराला कोणी सांगितलं नव्हतं. मी सगळे बोल्ट खरवडले. मशीन चाललं, मग बंद पडलं. डिझेल सोडणारा सोलेनॉइड गरम होत होता, तो बदलला. चाललं, मग बंद पडलं. उंदरांनी वायरिंगचा एक गठ्ठा कुरतडला होता, तो नवा टाकला. पुन्हा तेच. यातला प्रत्येक दोष खरा होता, म्हणूनच तर मी फसत होतो. दोष सापडला की माणसाला वाटतं, हाच तो.

सोमवारी जिनिंगवर ट्रायल होती. कापसाचा सीझन सुरू होणार होता, यार्डात गंजी लागणार होत्या आणि त्या ढकलायला, उचलायला छोटा लोडर हवा होता. तिथले मॅनेजर लोखंडेसाहेब भाऊंना खदानीपासून ओळखत होते. म्हणाले होते, या, चालवून दाखवा, पसंत पडलं तर काम तुमचं.

"सोमवार हुकला तर दुसरं काम भेटन, भाऊ," मी एकदा समजूत काढायला म्हणालो.

"कामाचं नाही रे," ते म्हणाले. "लोक मले पाहून आवाज बारीक करतात. घरी कोणी मेल्यावानी बोलतात माह्याशी. मशीनवर असलो का वरडून बोला लागते त्यायले. मले मशीनवर बसाचं हाय, वसंता. बाकी काई नाही."

तर त्या दिवशी फाटकापाशी लोडर बंद पडला आणि माझं डोकं फिरलं. "उतरा तुमी," मी म्हणालो. भाऊ कुबड्या घेऊन उतरले आणि ओट्यावर जाऊन बसले. मी चढलो. त्याच दगडावरून गेलो. परत आलो, पुन्हा गेलो. मुद्दाम जोरात नेला. माझी हाडं खिळखिळी झाली, पण इंजिनने हूं की चूं केलं नाही. मी अंगणात गोल गोल फिरवला, बकेट वरखाली केली. मशीन शहाण्यासारखं चालत राहिलं.

"आता तुमी बसा."

भाऊ बसले. दगडावर चाक चढलं, उतरलं. बंद.

मी पुन्हा बसलो. चालू.

तेव्हा मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि सीटकडे पाहिलं. गेले कित्येक दिवस मी बॅटरीपासून बंपरपर्यंत एकेक वायर तपासली होती आणि मीच बसवलेल्या नव्या स्विचवर मला एकदाही संशय आला नव्हता. स्विच चांगलाच होता. बसलेल्या माणसाचा भार सारखा पडला तर तो दबून राहत होता. पण भाऊंना धरून बसायला एकच पाय होता. धक्का बसला की ते त्या पायावर जोर देऊन तोल सावरायचे, अंग कणभर वर उचललं जायचं, आणि मशीन समजायचं की माणूस उठला.

मी भाऊंना म्हणालो, "पंधरा नंबरचा पाना दुकानात रायला, घेऊन येतो." तो पाना माझ्या खिशात होता. मी फाटकापर्यंत गेलो, एक विडी ओढली आणि परत आलो. भाऊ हाततोंड धुवायला मागच्या दारी गेले होते. मी सीट उचलली, स्विच पुन्हा एकदा बघावा म्हणून. तर सीटच्या कव्हरची डाव्या बाजूची शिवण मला नवी दिसली. उसवली. आत लुगड्याच्या चिंध्यांची एक घट्ट उशी होती. लांबट, एका टोकाला रुंद, एका टोकाला निमुळती. मांडीच्या मापाची.

मी मान वर केली तर सिंधूवहिनी चहा घेऊन उभ्या होत्या.

"तुमाले माहीत होतं?" मी विचारलं.

त्यांनी चहाची कपबशी बकेटच्या काठावर ठेवली. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "तुमी बसले का चालते, हे बसले का बंद होते. मी रोज दारातून पाहातो नं. म्हणलं, ती बाजू खाली पडत असन. म्हणून शिवली. पण त्यायले सांगू नका, वसंतभाऊ. हात जोडतो. पयलेच थे रातरातभर जागे असतात."

"मले माहीत हाय," मागून आवाज आला.

भाऊ दारात कुबड्यांवर उभे होते. तोंडावरून पाणी निथळत होतं.

"बसल्या जागेवर खाली काय हाय थे माणसाले समजत नाही का, सिंधू? तुह्या हिरव्या लुगड्याचं हाय. कडेनं सूत निघून आलं होतं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि घरात गेल्या. मला कुठे बघावं कळेना. मी पान्याने उगीच एक बोल्ट आवळला.

"भाऊ, माहीत होतं तर मले काहून नाही सांगितलं? मी आपला येड्यावानी वायरी सोलून रायलो."

"तू वायरी सोलत होता तोपर्यंत बरं होतं," ते म्हणाले. "खराबी मशीनमधी होती."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मी लोडरच्या मागे जाऊन तोंड धुतल्यासारखं केलं.

मग आम्ही दोघांनी उरलेले दिवस त्या सीटशी झुंजण्यात घालवले. आता लपवायचं काही नव्हतं. सीटचा पट्टा आवळून पाहिला. डाव्या बाजूला पट्टा धरून ठेवायला मांडीच नव्हती, तो दोन धक्क्यांत पोटावर यायचा. मी स्विच उजवीकडे सरकवला. त्याची स्प्रिंग नरम केली, इतकी की वर मांजर बसलं तरी दबेल. थोडा फरक पडला. मग मला एक युक्ती सुचली आणि मी उड्या मारत आलो.

"भाऊ, टायमर लावतो. माणूस उठला तरी दोन सेकंद इंजिन चालू रायन. धक्क्यात तुमी उठता किती? अर्धा सेकंद. झालं काम!"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "दोन सेकंद?"

"दोनच."

"माहा पाय जाले दोन सेकंद नाही लागले, वसंता."

टायमर मी खिशात घातला. डायरेक्ट करू का, हे तर मी त्यांना विचारलंच नाही. ते त्यांनीच बोलून टाकलं. "मनात येते माह्याही. एक वायर तर पिळाची हाय. पण मंग मी काय शिकलो? पाय देऊन एवढीच गोष्ट शिकलो मी."

रविवारी दुपारी मात्र नवल झालं. सरकवलेला स्विच, नरम स्प्रिंग, वहिनींची उशी पुन्हा जागेवर. भाऊ त्या दगडावरून गेले आणि इंजिन चालू राहिलं. परत आले, पुन्हा गेले. मग फाटकाबाहेर काढला, गल्लीतून नेला. शेजारचे बाहेर आले. "काय श्रावणभाऊ, कुठं?" कोणीतरी ओरडून विचारलं. "काई नाही, फिरून रायलो!" भाऊही ओरडले. इतके मोठ्याने की त्याला इंजिनच्या आवाजाचं निमित्तही नको होतं. सिंधूवहिनी दारात उभ्या राहून हसत होत्या. मी पान्याने बकेटवर ताल धरला होता. ती दुपार मी अजून विसरलो नाही.

सोमवारी जिनिंगचं यार्ड सपाट होतं तोवर सगळं ठीक चाललं. भाऊंनी कापसाच्या गंजीला अशी अलगद बकेट लावली की हमाल बघायला थांबले. लोखंडेसाहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी रॅम्पकडे बोट दाखवलं. कापूस रॅम्पवरून वर शेडमध्ये टाकायचा होता.

रॅम्प चढताना माणूस मागे कलतो. दोन पाय असले तर तो समोर पाय रोवून बसतो. भाऊंनी एकच पाय रोवला. अंग उचललं गेलं. भरली बकेट वर घेऊन लोडर अर्ध्या रॅम्पवर मेला. ब्रेक लागले होते, म्हणून मागे आला नाही, एवढंच. भाऊंनी चावी मारली, थोडा वर चढला, पुन्हा मेला. मी धावत जाऊन लोडरच्या खिडकीशी उभा राहिलो. भाऊ ओठ चावून सीटवर स्वतःला खाली दाबत होते, दांडे धरलेल्या दोन्ही हातांनी स्वतःला ओढत होते. कपाळावर घाम. पुन्हा चावी. पुन्हा बंद.

"असू द्या, तडस," लोखंडेसाहेब खालून म्हणाले. "उतरवून घ्या."

उतरल्यावर त्यांनी भाऊंना बाजूला नेलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मशीन उत्तम आहे. आम्हाला पसंत आहे. ऑपरेटर मी दुसरा देतो, आमचा रोशन आहे. भाडं दर महिन्याला तुमच्या घरी पोहोचेल. तुम्ही आरामात घरी बसा."

हे सांगताना त्यांनी आवाज बारीक केला होता.

सगळ्यांना हा तोडगा फार आवडला. नातेवाईक म्हणाले, नशीब काढलं, बसून खायला मिळतंय. भाऊ कोणाशी भांडले नाहीत. लोडर जिनिंगवर ठेवून ते रिक्षाने घरी आले. वाटेत मी काहीतरी बोलत होतो, मला आठवत नाही काय. उशी तेवढी त्यांनी सीटमधून काढून आणली होती आणि ती मांडीवर धरून बसले होते.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जायचं टाळू लागलो. काय बोलणार होतो?

दोन सीझन गेल्यावर एका ट्रकचा सेल्फ खराब झाला म्हणून मला जिनिंगवर बोलावलं. काम करून निघालो तर यार्डात तो पिवळा लोडर उभा होता. रोशन जेवायला गेला होता. जुनी ओळख म्हणून मी वाकून सीटखाली हात घातला. माझा स्विच तिथे नव्हता. दोन वायरी सोलून एकमेकींना पिळलेल्या होत्या, वर चिकटपट्टी गुंडाळलेली. चिकटपट्टी धुळीने काळी झाली होती, म्हणजे कालपरवाची नव्हती.

"पयल्याच दिवशी केलं त्यानं," कोणीतरी म्हणालं.

शेडच्या सावलीत लोखंडी खुर्चीवर श्रावणभाऊ बसले होते. कुबड्या बाजूला, पायाशी तेलाचा एक रिकामा पिंप आडवा. ते फार वाळले होते. अर्धी दाढी पांढरी.

"भाऊ, तुमी इथं?"

"रोज येतो. सिंधू डबा देते, रिक्षावाला सोडते. रॅम्पवर घडीघडी कापूस अडकते, तो घडीघडी उतरते. इंजिन बंद कराचा त्याले कंटाळा येते. मीही तसाच होतो."

"मी काढतो ती वायर. आत्ताच्या आत्ता काढतो. नवा स्विच हाय माह्या बॅगमधी."

"काढ. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा पिळन. मी चारदा काढवली. साहेबाले सांगितलं, साहेब त्याले रागावले, त्यानं हो म्हणलं." भाऊ हसले, म्हणजे हसल्यासारखं केलं. "माणूस चांगला हाय रोशन. दोन लेकरं हायेत त्याले."

मी बॅग खाली ठेवली. बसायला दुसरी खुर्ची नव्हती म्हणून उभाच राहिलो. रोशन जेवून आला, भाऊंकडे बघून हात केला, मशीनवर चढला. लोडर रॅम्पवर गेला. बकेट वर झाली, कापूस अर्धा पडला, अर्धा दातांत अडकून राहिला. रोशन सीटवरून उठला आणि चालू मशीनमधून, उचललेल्या बकेटखालून एक पाय बाहेर टाकला.

शेजारी बोलत असलेले श्रावणभाऊ बोलायचे थांबले. त्यांनी कुबडी उचलली आणि रिकाम्या पिंपावर जोराने हाणली. पुन्हा हाणली. हमालांनी मानसुद्धा वर केली नाही, त्यांना सवय झाली होती. रोशन वैतागून थांबला, पाय आत घेतला, वाकून चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

मग तो उतरला, कापूस काढला, परत चढला आणि सीटवर बसला. तेव्हा कुठे भाऊंनी कुबडी खाली ठेवली.

"घरी सारं बरं हाय ना तुह्या?" त्यांनी विचारलं. रोशनवरची नजर काढली नाही.